धोंड्याचा पहिला पाट

त्या दिवशी सकाळपासूनच ऊन असं तापलं होतं, की अंगणातली कोंबडी सावली शोधत शोधत शेवटी आमच्या चुलीपाशी येऊन बसली. वारा म्हणून नाही. पिंपळगावच्या रस्त्यावर कांद्याचे टेम्पो खोळंबलेले, त्यांचा वास थेट घरात. अशा दिवशी म्हाताऱ्या माणसानं गप पडून राहावं. मी पडून राहिलो नाही, आणि तिथंच बिघडलं!

काय बिघडलं म्हणता? सांगतो. मला घाईनं सांगता येत नाही. तुम्ही चहा घ्या तोवर.

तो होता धोंड्याचा महिना, म्हणजे अधिक महिना. तीन वर्षांनी येतो आणि जावयांचं नशीब काढतो. पुरणाचे धोंडे, अनारसे, नवे कपडे! सासऱ्यानं जावयाचे पाय धुवायचे, टिळा लावायचा. मला जावई दोन. थोरली अलका, तिचे भाऊसाहेब. धाकटी मंगल, तिचे रामनाथराव. दोघंही नाशकात एकाच सरकारी कचेरीत. भाऊसाहेब तिथं कधीचे चिकटलेले. रामनाथराव आधी मिलिट्रीत हवालदार, तिकडून सुटून मग कचेरीत आले.

आदल्या दिवशी मंगलचा फोन. "अण्णा, ह्यांची मिलिट्रीची वर्षं धरली हो कचेरीत!"

मी म्हटलं, "बरं झालं बाई." पण धरली म्हणजे काय, ते काही कळेना. मी शाळा बाहेरूनच पाहिलेला माणूस. मार्केटात गोण्या उचलण्यात जन्म गेला. मग गेलो शेजारी दगूनानाकडं. नाना कचेरीत शिपाई होता, आता घरी असतो.

"नाना, वर्षं धरली म्हंजे काय?"

"म्हंजे नंबर वर सरकला. तुझा जावई तिकडं बर्फात उभा होता ना? सरकार म्हणतं, तेव्हा तो हितंच कामाला होता असं समजायचं."

"पण तो तर भाऊसाहेबांच्या मागनं लागला."

"लागला मागनं, पण आता पुढं. भाऊसाहेब खाली, हा वर. सरकारनं ठरवलं, संपला विषय."

विषय त्याचा संपला, माझा सुरू झाला! आमच्या घरी देवघराजवळचा पाट थोरल्या जावयाचा. पाय आधी त्याचे, टिळा आधी त्याला, धोंडा आधी त्याच्या ताटात. अलकाचं लग्न झालं तेव्हापासूनची रीत. आता तुम्हीच सांगा, सरकारनं ज्याला वर बसवला, त्याला मी हमाल माणूस खाली कसा बसवू? सकाळी बंबात जाळ घालता घालता मी ठरवून टाकलं. बायकोला विचारलं नाही. विचारलं असतं, तर आज तुम्हाला सांगायला काही उरलंच नसतं.

दुपारी मंडळी जमली. मी रामनाथरावांना म्हटलं, "तुम्ही इकडं बसा, देवघराजवळ." पंखा तिथंच. त्यांना वाटलं, बर्फात राहिलेल्या माणसाला ऊन सोसत नाही असं मामांना वाटतंय. बसले बिचारे. भाऊसाहेबांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि दुसऱ्या पाटावर बसले.

मी तांब्या घेऊन वाकलो रामनाथरावांच्या पायाशी.

"मामा, मामा! काय करता!" त्यांनी पाय असे वर ओढले, की पाटावर उकिडवेच बसले. गोळीला न भ्यालेला माणूस, माझ्या तांब्याला भ्याला!

बायको आतून ओरडली, "अहो, आधी भाऊसाहेब! चुकलात."

"चुकलो नाय. विचार करून करतोय."

"तुम्ही? विचार? कधी केलात?"

"सरकारनं यांची वर्षं धरलीत. आता रामनाथराव थोरले."

अलका झारा घेऊनच बाहेर आली.

"अण्णा, लगीन माझं आधी झालं का हिचं?"

"तुझंच, बाई. पण मिलिट्रीची वर्षं..."

"मिलिट्रीत होते तेव्हा हे काय तुमचे जावई होते?"

"नव्हते. पण होते असं समजायचं."

"अण्णा!" मंगल मागून किंचाळली. "अहो, मी तेव्हा सातवीत होते!"

आता इथं हसायला हवं होतं ना? कुणी हसलं नाही. भाऊसाहेब उठले, खुंटीवरची टोपी घेतली. अलका म्हणाली, "चला हो, गाडी काढा. आपला नंबर गेला हितला."

धोंड्याच्या महिन्यात जावई पाटावरून उपाशी उठला, तर पुढं लेक दारात येत नाही. आमच्या गल्लीत असं एक घर आहे. तिथली आई लेकीला फक्त लग्नकार्यात लांबून बघते.

भाऊसाहेब दारात थांबले. "मामा, कचेरीत हा माझ्या वर गेला, त्याचं मला काय वाटलं नाय. त्याचा अर्ज मीच लिहून दिला. बर्फात काढलेली वर्षं कुणीतरी धरायलाच पायजे होती. पण तिथली खुर्ची सोडली, आता हितला पाटबी सोडू?"

तांब्यातलं पाणी माझ्याच पायावर सांडत होतं.

मग रामनाथराव उठले. माझ्या हातातून तांब्या काढून घेतला आणि दार अडवून उभे राहिले. "साडूभाऊ, उद्या कचेरीत मी वर. हितं तुम्ही माझे सुभेदार. आता पाटावर बसता, का उचलून आणू?"

भाऊसाहेब अंगानं असे, की त्यांना उचलायला क्रेन लागावी. त्यांनाच हसू फुटलं. आले, देवघराजवळच्या पाटावर बसले, पाय पुढं केले. रामनाथरावांनीच पाणी घातलं.

"पण मामा," भाऊसाहेब म्हणाले, "धरायचीच तर माझीबी वर्षं धरा. लग्नाआधी दोन सीझन तुमच्याबरोबर गोण्या उचलायला येत होतो. ते काय कांद्यासाठी?"

अलकानं झाऱ्याआड तोंड लपवलं. आणि मला इतकी वर्षं वाटत होतं, पोरगा कष्टाळू आहे!

बायको कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "मग माझी? तुमच्या आईचं म्हातारपण काढलं, दोन लेकी वाढवल्या, मार्केटातल्या गड्यांच्या भाकरी थापल्या. ती कोण धरणार? सरकार?"

"मामी, तुम्ही तर सगळ्यांच्या वर!" दोन्ही जावयांनी तिला धरून देवघराजवळच्या पाटावर बसवलं. लाजली हो! नव्या नवरीसारखी पदर सावरून बसली.

मी हळूच म्हटलं, "माझीपण असतील की थोडी."

"मार्केटातली मार्केटात," बायको म्हणाली. "घरातली सांगा."

मी आठवलं. लय आठवलं. म्हटलं, "सकाळी बंब पेटवला."

झालं! धोतर खोचलं आणि वाढायला लागलो. पुरण कोपरापर्यंत आलं, तूप ताटात कमी आणि जमिनीवर जास्त. तेवढ्यात दगूनाना दारात. पाटावर बायको, हातात झारा घेतलेला मी. सगळ्यांनी एकदमच त्याला सगळं सांगितलं. नानानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "घाबरू नको, शंकर. आज रुजू झालास ना? आजपासून धरू तुझी वर्षं."