ब्रेकच्या डबीचा स्क्रू

चष्म्याच्या दुकानात मागच्या खिडकीला लागून एक अरुंद टेबल होतं, आणि त्या टेबलामागे चिमटाताई सव्वीस वर्षं बसत होती. बारीक चिमटा कायम कानामागे खोचलेला, म्हणून हे नाव. मालकही तिला याच नावाने हाक मारायचे. इतर दुकानांनी "होणार नाही" म्हणून परत पाठवलेले चष्मे तिच्याकडे यायचे. काडीत अडकलेला, गंजलेला, तिळाएवढा स्क्रू ती श्वास रोखून असा काढायची की गिऱ्हाइकाचं बोलणं अर्धवट असतानाच चष्मा त्याच्या हातात परत यायचा.

त्यामुळे त्या रविवारी जे झालं ते तिला फार लागलं.

मोटारसायकल खरं तर नवऱ्याची. तो बस चालवायचा. चार वर्षांपूर्वी त्याच्या डोळ्यांचे पडदे झिजले आणि नोकरी सुटली. जिकडे बघावं तिथेच मधोमध करडा डाग. कडेकडेचं तेवढं दिसायचं. या दुखण्यावर चष्मा नाही. एवढ्या नाकांवर चष्मे चढवणाऱ्या बाईला घरातल्या माणसाला एक चष्मा लावता आला नाही, आणि त्याचा राग कुणावर काढावा हेही तिला कधी कळलं नाही. गाडी मात्र तिने गंजू दिली नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षी ती चालवायला शिकली आणि रोज कामावर न्यायला लागली.

शनिवारी परत येताना पुढच्या ब्रेकची दांडी दाबली तर ती पार मुठीला टेकली. डबीत ऑइल कमी झालं असणार. सोपं काम. हँडलवरच्या डबीच्या झाकणाला दोन स्क्रू. ते काढायचे, ऑइल भरायचं, झाकण लावायचं.

सकाळी जिन्याखालच्या मोकळ्या जागेत तिने गाडी उभी केली. सांडलेल्या थेंबाने रंग जाऊ नये म्हणून टाकीवर ओलं फडकं पसरलं. पहिला स्क्रू मुकाट्याने निघाला. दुसऱ्यात स्क्रू ड्रायव्हर घातला, फिरवला, आणि तो आतल्या आत गर्रकन सरकला. तिने वाकून पाहिलं. डोक्यावरची फुली कधीच झिजून वाटीसारखी गोल झाली होती.

"निघाला का?" नवऱ्याने विचारलं. तो पायरीवर बसला होता.

"निघेल."

तिने जाडजूड स्क्रू ड्रायव्हर आणला. सरकला. मध्ये रबराचा तुकडा घालून दाबून फिरवला, रबर फाटलं. गंज सोडवणारं तेल मारलं, अर्धा तास वाट पाहिली, तेवढ्यात भात लावून आली. पुन्हा सरकला. डोकं झाकणाच्या खोलगट जागेत पुरतं बुडालेलं, त्यामुळे पकडीला धरायला कुठे कडाच नव्हती. मग तिने छन्नी तिरकी लावून हातोडीने ठोकलं. तिसऱ्या ठोक्याला छन्नी निसटली, झाकणाचा टवका उडाला आणि तिच्या अंगठ्याची साल निघाली.

"जोर नको लावूस," नवरा म्हणाला.

"मग काय त्याच्या पाया पडू?"

वरच्या मजल्यावरचे सुतारकाका खाली उतरताना थांबले. "ताई, सोमवारी गॅरेजात टाका ना. मेकॅनिक दोन मिनिटांत काढेल."

हे वाक्य तिच्या अगदी वर्मी बसलं. "काका, तुमच्याकडे ड्रिल आहे ना? लोखंडाला चालेल असं बारीक पातं असेल तर द्या. सल्ला राहू द्या."

काका हसले, वर गेले आणि मशीन आणून ठेवून आपल्या कामाला गेले.

दुपार कलायला लागली होती. भात केव्हाच गार झाला होता. अंगठा ठणकत होता, आणि खोचायची जागा चुकून चिमटा केसांत अडकला होता. तो उपसून काढताना तिचा संयम सुटला. "कुणी आवळला असेल हा स्क्रू? हात झडले मेल्याचे! फुली धड दिसत नाही तर हात कशाला घालायचा? नुसतं घासघासून ठेवलंय. असल्या माणसाला गाडीच्या आसपाससुद्धा फिरकू देऊ नये!"

तिने वळून पाहिलं.

"मीच आवळला," तो म्हणाला.

"कधी?"

"नोकरी सुटायच्या आधी. ऑइल घातलं आणि झाकण लावताना फुलीच दिसेना. बोटांनी चाचपून चाचपून फिरवत बसलो. सरकतोय हे कळत होतं. मग वरून ठोकला."

"मला हाक मारायची होती."

"हाक मारली असती तर सांगावं लागलं असतं."

तिने उचललेलं मशीन तसंच हातात राहिलं. मनात हिशोब जुळत होता आणि तो जुळू नये असं तिला वाटत होतं. "सुटायच्या आधी म्हणजे किती आधी?"

"दोन महिने."

"तुम्ही तर म्हणालात एका आठवड्यात सगळं झालं. डॉक्टरांसमोर म्हणालात." तिचा आवाज अगदी खाली आला. "दोन महिने तुम्ही बस चालवत होतात."

"रस्ता पाठ होता. कडेचं दिसायचं." तो गुडघ्यावरून हात फिरवत राहिला. "मग एकदा थांब्यावरून एक बाई हात करत होती, ती मला दिसलीच नाही. कंडक्टर ओरडला. काही झालं नाही, ती मागेच राहिली. पण दुसऱ्या दिवशी मी आपण होऊन डॉक्टरकडे गेलो."

"काही झालं नाही म्हणे!"

एवढंच बोलून तिने त्याच्याकडे पाठ फिरवली. चार वर्षं ती याच माणसाला रस्ता ओलांडताना हाताला धरत होती, आणि त्याने भरल्या बसचं स्टिअरिंग धरून मूग गिळले होते. तिने पातं स्क्रूच्या वाटीत टेकवलं आणि बटण दाबलं.

मशीन किंचाळलं. चकचकीत बारीक कीस उडायला लागला. पातं तिने मधोमध धरून ठेवलं; रागातही हाताचं वळण सुटलं नाही. एकाएकी कट्ट आवाज झाला आणि स्क्रूचं डोकं पात्याबरोबर गरगर फिरायला लागलं. झाकण अलगद वर आलं. खाली उरलेला दांडा पकडीत धरून फिरवला तर तो लोण्यातून निघाल्यासारखा सहज बाहेर आला. दिवसभर दमवलं होतं ते आट्यांनी नव्हे, त्या ठोकलेल्या डोक्याने.

आतलं ऑइल काळं पडलं होतं. तिने ते टिपून काढलं, नवं भरलं, दांडी दाबली. दांडी पुन्हा मुठीला टेकली.

"अरे देवा!" ती जमिनीवरच बसली. एवढं करून पुन्हा आपलं तेच. आता मात्र तिला रडू फुटणार होतं.

"नळीत हवा गेली असेल," नवरा दबक्या आवाजात म्हणाला. "खाली चाकापाशी नट आहे, तो सैल करून काढावी लागते. एकाने वर दांडी दाबायची, दुसऱ्याने खाली सोडायचं. एकट्याचं काम नाही ते."

तिने डोळे पुसले, पाना घेतला आणि चाकापाशी जाऊन बसली. तो चाचपडत आला. तिने त्याचा हात धरून दांडीवर ठेवला, नेहमीपेक्षा जरा जोरात.

"दाबा. धरून ठेवा. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही."

"नाही सोडत."

नट सैल झाला, बुडबुडे आले. पुन्हा. मधूनच वर डबीत ऑइल घालायचं. पंधरा-वीस वेळा हेच झालं. मग तो म्हणाला, "कडक झाली."

तिने उठून स्वतः दाबून पाहिलं. खरंच झाली होती. जुन्या डब्यातले दोन नवे स्क्रू शोधून तिने झाकण लावलं, बेताने आवळलं आणि गल्लीत एक फेरी मारून आली. ब्रेक जागच्या जागी लागत होता.

जेवायला बसले तेव्हा चार वाजून गेले होते. तिने त्याचं ताट वाढलं, कशाच्या बाजूला काय आहे ते रोजच्यासारखं सांगितलं, आणि आपलं ताट घेऊन दुसऱ्या खोलीत गेली. पुढचे तीन दिवस असंच चाललं. चौथ्या दिवशी कामावरून आल्यावर चपलाही न काढता ती त्याच्यासमोर बसली आणि म्हणाली, "हं, आता त्या दोन महिन्यांचं सगळं सांगा. पहिल्या दिवसापासून."