आत्या, तिचा खुबा आणि कोल्हापूरचं हाड दाबणारं यंत्र

सहली ठरवून जाणारी माणसं वेगळी. मी निघाले ती आत्याच्या एका फोनमुळं. खुब्याचा सांधा बदलल्यापासून ती गारगोटीच्या घरात कॉटवर बसून होती. आता चालला नाहीत तर कायमच्या बसाल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि आत्या म्हणत होती, "हाडं आतनं भुसा झाल्यात माझी. पाय टेकला की कडकन् जाईल." गावभर दूध घालत फिरणारी बाई ती!

पुण्याहून एसटीची लालपरी धरली. बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा मैत्रिणींनो, खिडकी पकडा आणि खुशाल तंद्री लावा. कऱ्हाड सुटलं की उसाचे तुरे सुरू होतात. मधेच कुठल्यातरी गुऱ्हाळाचा गोड वास आत शिरतो आणि आपण जागे आहोत की नाही, कळेनासं होतं. तशीच तरंगत कोल्हापूरला उतरले आणि पुढं गारगोटी गाठली.

सकाळी भाड्याची गाडी करून आत्याला घेतलं आणि पुन्हा कोल्हापूर. माझी मैत्रीण सायली तिथं एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत माणसाच्या हाडाचा ताठरपणा मोजते. ऑपरेशनमध्ये काढलेलं हाड काही लोक संशोधनाला देतात. आत्यानंही दिलं होतं, आणि ते बघायचंच म्हणून ती हट्टाला पेटली होती. मुधाळ तिट्ट्यावर, तीन रस्ते मिळतात तिथं, चहा घ्या, झकास मिळतो. पुढं बिद्रीपर्यंत धुकं इतकं दाट, की समोरचा उसाचा ट्रॅक्टर नुसता आवाजानं कळत होता. आत्या काचेला कपाळ टेकून बसली होती.

प्रयोगशाळा तळमजल्यावर, त्यामुळं चाकाची खुर्ची थेट आत गेली. यंत्रावर दसऱ्याची झेंडूची माळ वाळून तशीच लटकलेली. सायलीनं मिठाच्या पाण्यात भिजवलेलं कापड उलगडलं. आत शेंगदाण्याएवढा तुकडा, स्पंजासारखा जाळीदार.

"ह्ये माझं व्हय?"

"न्हाय सांगता येत, आत्या. नावं आमच्याकडं येतच न्हाईत. कुणाचंबी आसंल."

आत्यानं पिशवीतनं हळदीकुंकवाची पुडी काढली आणि थेट तुकड्याकडं हात नेला. "अवो, त्याला नको!" सायली ओरडली. "मोजमाप चुकंल. मशीनला लावा." मग आत्यानं मशीनला बोट टेकवलं. बिनकुंकवाचं कुणाला कामाला लावायचं म्हणजे तिला पटतच नाही.

तुकडा दोन पोलादी चकत्यांच्या मधे ठेवला. वरची चकती खाली येत होती, पण डोळ्यांना हलताना दिसत नव्हती. पडद्यावर मात्र एक रेघ सावकाश चढत गेली. रेघ जितकी उभी, तितकं हाड ताठ, सायली सांगत होती. खोलीत नुसती यंत्राची गुणगुण. मला वाटलं, आपण सगळेच पाण्याखाली आहोत.

"सोड की गं त्याला," आत्या एकदम कळवळली. "मोडंल आता!"

"मोडायचं न्हायच, आत्या. ताठरपणा बघायला थोडं दाबायचं आणि सोडायचं." सायलीनं बटण दाबलं. रेघ आल्या वाटेनं खाली उतरली. "बघा, हुतं तेवढंच झालं परत."

"एवढं दाबूनबी?"

"व्हय. पण ह्ये तुमच्या पायाचं सर्टिफिकेट न्हाय हं. डॉक्टर सांगतील तसंच चालायचं."

आत्यानं ती रेघ बोटानं हवेत वर-खाली गिरवली. मग वॉकर मागितला. आजवर दुखऱ्या पायावर ती जेमतेम बोटं टेकवायची, आज अख्खं पाऊल टेकवलं. दारापर्यंत गेली, तिथं थांबली आणि मला म्हणाली, "बघत काय उभी ऱ्हायलीस? मिसळ खायाची न्हाय व्हय?" खाल्ली. कट जपून घ्या, माझ्या कानातून धूर निघाला.

पुण्यात परतल्यावर कितीतरी दिवस ती रेघ डोळ्यांपुढं होती. ट्रॅफिकमध्ये उभी असले तरी मन तिथंच जायचं. आपण सगळे आतून असे जाळीदार आहोत, आणि तरी उभे आहोत, याचं मला नवल वाटत राहायचं.

वॉकर सुटल्यावर काही महिन्यांनी, परवाच आत्याचा फोन आला. "पडलो की गं गोठ्यात."

"आत्या! कुणाला हाक मारलीस?"

"कशापायी? गाईच्या खुंट्याला धरलं, उठलो. डाक्टरनं हाडाचा फोटो काढला, कायबी झालं न्हाय. ठेव आता, धार काढायची हाय," म्हणाली आणि फोन ठेवला. मी ऑफिसच्या जिन्यात बसले आणि पोटभर रडून घेतलं.