कठडा नसलेला जिना

‘इंदूआक्का आयुष्यात कधी व्यासपीठावर चढल्या नाहीत. मोठेपणाचा मोह त्यांना शिवलाच नाही.’ माझ्या थोरल्या बहिणीच्या शोकसभेत एकामागून एक वक्त्यांनी हे सांगितलं आणि लोकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. खरं कारण मला ठाऊक होतं; पण शोकसभेत खरं कारण सांगायची पद्धत नाही.

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला. “मामा, आई गेली... झोपेतच.” माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, “पडली नव्हती ना?” “न्हाय मामा, पलंगावरच.” आम्हा दोघांनाही बरं वाटलं. आक्का मरणाला भीत नव्हती, पडायला भीत होती.

अर्ध्या पेठेतल्या बायका तिच्या शिवणवर्गात शिकल्या. त्याबद्दल तिचा सत्कार ठरला, तोवर गुडघे पुरते झिजले होते. नाव पुकारलं गेलं, पण आक्का पहिल्या रांगेत हात जोडून बसूनच राहिली. शेवटी अध्यक्ष शाल घेऊन खाली आले. टाळ्यांचा कडकडाट झाला. परतताना रिक्षात मी तिच्या नम्रतेचं कौतुक केलं. कोल्हापुरी बायकांसारखीच ती स्वतःबद्दल ‘आले-गेले’ऐवजी ‘आलो-गेलो’ बोलायची. म्हणाली, “कसली नम्रता रं बापू? त्या स्टेजच्या जिन्याला धरायला काय हाय? पडलो असतो तर तीच शाल तोंडावरनं घातली असती.”

त्याआधी ती एकदा अंगणात घसरली होती. हाड मोडलं नाही, पण धीर मोडला. मग बाजार सुटला, रंकाळ्यावरचं फिरणं सुटलं, शेवटी स्वतःच्या घराची गच्चीसुद्धा. उन्हाळ्यात वर्षाच्या चटणीसाठी गच्चीवर मिरच्या वाळत घातल्या, की ती खालूनच सुनेला विचारत बसायची, “हलवल्यास का गं?” आपल्या मिरच्या दुसऱ्यानं हलवायच्या, हे तिला गुडघ्यापेक्षा जास्त दुखायचं.

आम्ही तिला फार जपलं. आमच्याकडे माया मोठ्यानं करतात. ती खुर्चीतून उठली, की घरातून, समोरून, शेजारून एकदम आरोळी यायची, “आक्का, दमानं! पडशीला!” ती दचकायची आणि खरोखरच तिची झोकांडी जायची. एकदा मी ओरडलो, तेव्हा भिंत धरून म्हणाली, “माझा तोल गुडघ्यानं जात न्हाय. तुमच्या बोंबलण्यानं जातोय.”

व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणाली, “आजी, बसून राहिलात तर पाय आणखी कच्चे होतील.” तिनं ओट्याला धरून एका पायावर उभं राहायला सांगितलं. “या वयात बगळा करतीस व्हय मला?” असं म्हणून आक्का रोज दूध तापेपर्यंत बगळा होऊ लागली. पुढं तिनं गच्चीच्या जिन्याला लोखंडी पाइप बसवून घेतला. आम्हाला वाटलं, सुनेसाठी असेल.

त्या उन्हाळ्यात एका दुपारी मी गेलो, तर घर झोपलेलं आणि आक्काची खुर्ची रिकामी. वर धावलो. लाल मिरच्यांच्या मधोमध ती स्टुलावर बसली होती आणि हातानं मिरच्या उलटत होती. मी तोंड उघडलं. तिनं ओठांवर बोट ठेवलं. “वरडलास तर पडतो बघ मी.” मी तोंड मिटलं. आयुष्यात मी तिला केलेली हीच एक खरी मदत असावी. काम झाल्यावर ती पाइप दोन्ही हातांनी धरून, उलटी, एकेक पायरी खाली उतरली. तळाशी पोचल्यावर म्हणाली, “आता वरड.”

तेव्हापासून दर उन्हाळ्यात मिरच्या तिनंच हलवल्या. उन्हात पाइप तापतो, म्हणून तिनं त्याला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळली होती. ती पट्टी अजून आहे. हल्ली तो पाइप मीही धरतो.

सत्कार झाला त्याच सभागृहातल्या शोकसभेत मात्र आक्का व्यासपीठावर होती, हार घातलेल्या फोटोतून. फोटो मोठा होता, दोघांनी धरून चढवला. जिन्याला कठडा अजून नाही.