ताईने न झाडलेली गल्ली

माझी थोरली बहीण बावीस वर्षं रस्ते झाडते. तिच्या हद्दीतल्या एका गल्लीत जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायची भट्टी होती. पाच वर्षांच्या लेकीला ती सोबत न्यायची, घरी बघणार कोण? पोर भट्टीच्या भिंतीशी बसून करड्या धुळीत रेघा ओढायची आणि तीच बोटं तोंडात घालायची.

मग पोट दुखतं म्हणून पोर रोज रडायला लागली. डॉक्टरांनी रक्त तपासलं तर त्यात शिसं! "ही धूळ थांबली नाही तर मेंदूवर परिणाम होईल," ते म्हणाले.

ताईने तक्रार केली. तपासणीच्या आदल्या दिवशी मुकादम म्हणाला, "उद्या साहेब येणार, गल्ली लख्ख कर." आणि आमच्या शहाण्या बाईने केली की! साहेब येणार म्हटलं की तिचे हात आपोआप चालतात. कोपरे खरवडले, पाणी मारलं. नमुन्यात काही निघालंच नाही.

"माझ्याच हाताने वाचवलं गं त्या भट्टीवाल्याला!" कपाळावर हात मारत ती म्हणाली. रडली मात्र नाही. खरं सांगते, तिचे डोळे बघून मीच घाबरले.

तिने पुन्हा अर्ज केला. लेक माझ्याकडे ठेवली, गल्लीतल्या आयांना पोरं घरात ठेवायला सांगितली आणि पंधरा दिवस भट्टीपुढे झाडू टेकवलाच नाही. मुकादमाने पगार कापायची धमकी दिली. "काप," ती म्हणाली.

तपासणीच्या सकाळी भट्टीचा मालक धावत आला. "ताई, आजच्या दिवस झाडा ना. मीही लेकराबाळांचा माणूस आहे."

"मग त्यांचंही रक्त तपासून घ्या. याच कपड्यांनी त्यांना कडेवर घेता ना?"

मेल्याचं तोंड पांढरंफटक पडलं. तपासणीवाल्या बाई धूळ पिशवीत भरत होत्या आणि हा आपल्याच शर्टाकडे बघत उभा.

महिन्याभरात भट्टीला सील लागलं. भाचीच्या रक्तातलं शिसं कमी होतंय, पण डोक्याचं किती नुकसान झालं ते शाळेत गेल्यावरच कळेल म्हणे.

परवा मालकाचा माणूस आला. मालकांच्या धाकट्या पोराच्या रक्तात शिसं निघालंय, तुमचे डॉक्टर कोण? मी असते तर दार लावून घेतलं असतं. ताईने पत्ता लिहून दिला.

"पोरासाठी देतेय, त्याच्यासाठी नाही," ती म्हणाली. "आणि सांग त्याला, तिथे रांग असते. माझ्या पोरीच्या मागे उभं राहायचं."