तेवीस नंबरची ओळ

कॉम्प्युटरनं मला एक साधा प्रश्न विचारला होता. जुनं सगळं पुसून संपूर्ण डिस्क वापरू का? मी ‘हो’ म्हणून टाकलं. लग्नाला पंधरा वर्षं झालेल्या माणसाचं बोट प्रश्न पुरता वाचायच्या आधीच ‘हो’वर जातं, त्याला मी काय करणार?

हे लिनक्सचं खूळ माझ्या डोक्यात घातलं ते कॉलेजच्या लॅबमधल्या माझ्या मित्रानं. आमच्या घरच्या विंडोजमध्ये मी कुठून कुठून व्हायरस आणून सोडायचो आणि दर दोन महिन्यांनी ते धूड राजारामपुरीतल्या दुकानात न्यावं लागायचं. मी स्कूटर चालवणार आणि बायको मागं सीपीयू मांडीवर घेऊन बसणार. सिग्नलला लोक वाकून बघायचे. मित्र म्हणाला, “विंडोज काढून लिनक्स टाक की भावा! व्हायरस न्हाय, लायसन न्हाय, कुणाच्या बापाचं भ्या न्हाय.” आणि एक सीडी हातात ठेवली.

तो रविवार होता. बायको मंडईत गेली होती. ती आमच्या भागातल्या एका शाळेत चौथीला शिकवायची आणि सोमवारी सकाळी तिच्या वर्गाचा निरोप समारंभ होता. चौथीनंतर मुलं दुसऱ्या शाळांत पांगतात. म्हणून दर वर्षी ती प्रत्येक मुलावर एकदोन ओळी लिहायची आणि ती चिठ्ठी ज्याच्या त्याच्या हातात द्यायची. मार्कांबद्दल एक अक्षर नाही, फक्त बाईंना तो मुलगा किंवा मुलगी कशी दिसली, एवढंच. वर्षभर सवडीनं टाइप केलेल्या एकेचाळीस मुलांच्या त्या ओळी कॉम्प्युटरवर होत्या, संध्याकाळी छापायच्या होत्या.

आता मी अगदीच काही हा नव्हे. ती फाइल मी आधीच पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली होती. त्यामुळं डिस्क पुसली गेली तरी मी शांत होतो. नवी सिस्टिम झकास सुरू झाली. मी ऐटीत फाइल उघडली आणि पडद्यावर सगळा इंग्रजी अक्षरांचा, टिंबांचा आणि कंसांचा सडा पडला. मराठीचा एक काना नाही.

मित्राला फोन लावला. “फॉन्ट घेतलास का नाहीस?” त्यानं विचारलं. आमचा मराठी फॉन्ट जुन्या पद्धतीचा. आत सगळी इंग्रजीच अक्षरं, वरनं फक्त मराठीचा सदरा चढवलेला. सदरा मी डिस्कबरोबर पुसला होता. मित्राकडं तो फॉन्ट नव्हता. ज्यानं घालून दिला तो दुकानदार लग्नाला जयसिंगपूरला गेलेला.

बायको आली. मी सांगितलं. तिनं पिशवी खाली ठेवली आणि पडद्यावरचा तो सडा वरपासून खालपर्यंत बघून घेतला. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

“हजेरीची वही आणा,” ती म्हणाली. “आणि कागद घ्या. मी सांगते, तुम्ही लिहा.”

“सगळं आठवतंय?”

“पोरं माझी आहेत की तुमच्या कॉम्प्युटरची?”

मी लिहायला बसलो. ती भाजी निवडत एकेक नंबर घेत होती. सात नंबर, स्वतःची पट्टी रोज विसरतो, पण दुसऱ्याची सापडली तर गावभर फिरून देऊन येतो. बारा नंबर, हिला प्रश्न विचारला की आधी हसते, मग उत्तर देते, आणि उत्तर बरोबर असतं. पंधरा वर्षं ही बाई शाळेतनं येऊन माझ्यासमोर जेवत होती आणि यातलं एक पोर मला माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं कधी.

तेवीस नंबरला ती थांबली.

“पेठ वडगावहून दिवाळीनंतर आलेली,” ती म्हणाली. “दोन वेण्या. तिसऱ्या बाकावर...” पुढं काही येईना. मेथीची जुडी तशीच हातात राहिली. “काय लिहिलं होतं मी? अहो, चाळीस जणांना मिळणार आणि तिला नाही?”

“नवीन काहीतरी लिही.”

“काय लिहू? गुणी मुलगी आहे? ते तर कुणालाही लिहितात.”

तिचे डोळे भरले. रागानं भरले असते तर मला सवय होती.

माझी नजर पडद्यावर २३ आकड्यापुढच्या ओळीवर होती; आकडे तेवढे शाबूत राहिले होते. एकदम सुचलं. लग्नाआधी तिनं मराठी टायपिंगची परीक्षा दिली होती आणि कॉम्प्युटरवरही ती त्याच पद्धतीनं टाइप करायची. फॉन्ट गेला असेल, पण तिची बोटं तर घरातच होती. मी तिला ओढून कीबोर्डसमोर बसवलं.

“डोळे मीट. मी इंग्रजी अक्षर सांगतो. तिथं बोट ने आणि मराठी काय येतं ते सांग.”

“काहीतरीच!”

मी ओळीतला मधलाच एक छोटा शब्द धरला.

“जे.”

तिचं बोट हललं. “र.”

“मोठा एम.”

“ड.”

“वाय.”

“ल.”

“छोटा ए.”

“वर टिंब. रडलं.” तिनं डोळे उघडले. “सांगा पुढं. लवकर सांगा.”

पाऊण तास लागला. मी दोनदा ओळ चुकलो, दोनदा बोलणी खाल्ली. अखेर कागदावर आलं: ‘वर्गात कुणी रडलं की ही उठून त्याच्याजवळ जाऊन बसते. काही बोलत नाही.’

बायकोनं तो कागद माझ्याकडनं काढून घेतला. एवढी एक चिठ्ठी तिनं स्वतःच्या अक्षरात लिहिली. बाकीच्या चाळीस माझ्या कोंबडीच्या पायांत गेल्या.

सोमवारी दुपारी ती घरी आली तेव्हा मी दारातच उभा होतो. विचारलं, तेवीस नंबरनं वाचली का?

“वाचली. दोनदा वाचली,” ती चपला काढत म्हणाली. “मग जवळ येऊन हळूच विचारते, बाई, तुम्ही बघत होता? मी म्हटलं, रोज बघत होते.” ती तशीच पायरीवर बसली. “खोटं बोलले हो मी. चौथीतल्या पोरीशी.”