बारा वाजले, कागद उचला

परवापरवापर्यंत कंपनीच्या मुख्य कचेरीत शिरलं की समोरच एक जेवणाचं टेबल दिसायचं. वर काच, भोवती दोरी आणि शेजारी पितळी पाटी: 'याच टेबलावर आमच्या कामाची पायाभरणी झाली.' टेबलाच्या मधोमध बशीपेक्षा मोठा, गोल, काळा डाग आहे. त्याच्याबद्दलही पाटीवर दोन ओळी होत्या. पहिल्या पुलाचे आराखडे काढताना रात्र रात्र दिवा जळत असे, त्याची म्हणे ही खूण.

दिवा कसला डोंबलाचा! तो डाग भाताच्या पातेल्याचा आहे, आणि ते पातेलं तिथे आपटणाऱ्या बाई अजून चांगल्या धडधाकट आहेत. कंपनीत सगळे त्यांना वहिनी म्हणतात. पाटीवर मात्र त्यांचा उल्लेख नव्हता, कारण पाटी लिहिणाऱ्याने त्यांना विचारलंच नव्हतं.

वहिनी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. माहेरी सात भावंडं, त्यामुळे ज्याला जिथे जागा मिळेल तिथे तो ताट घेऊन बसे. कुणी पायरीवर, कुणी खिडकीत, कुणी चक्क उभ्यानेच. वहिनींचा नंबर बहुतेक दाराआड लागायचा. तेव्हापासून त्यांच्या मनात एकच होतं, की आपलं घर झालं की सगळ्यांनी एका टेबलाभोवती बसायचं, एकमेकांची तोंडं बघत जेवायचं. म्हणून लग्नानंतर चार वर्षांनी दोन खोल्यांचं घर झालं तेव्हा त्यात पहिली मोठी वस्तू आली ती हे टेबल, आणि ते त्यांनी स्वतःच्या पगारातून घेतलं.

त्यावर धड महिनाभरही जेवण झालं नाही. नवऱ्याचं वरिष्ठांशी वाजलं, त्याने नोकरी सोडली आणि एका मित्राला घेऊन स्वतःचं काम काढलं. नवरा पुलांचा इंजिनिअर, मित्र मातीचा. पाया कुठल्या जमिनीवर उभा राहणार, ती किती वजन पेलेल, हे तपासणं त्याचं काम. हा माणूस जाईल तिथली माती चिमटीत धरून चोळायचा आणि पुड्या बांधून आणायचा. वहिनींच्या फडताळात मिठाच्या बरणीशेजारी या पुड्या येऊन बसल्या. तेव्हापासून ते मातीवाले भाऊजी झाले.

"दोनच आठवडे गं," नवरा म्हणाला. "कचेरीला जागा मिळाली की टेबल तुझं."

भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी! आधी टेबलावर कागद आले, मग दिवा आला, मग कागदांना सांभाळायला दोन ड्राफ्ट्समन आले. खिडकीशी टायपिस्ट बसू लागली. पलंग भिंतीला उभा राहिला. कालव्यावरच्या एका पायपुलाचं काम मिळालं होतं, आणि त्या पुलापायी वहिनी, नवरा आणि तीन वर्षांची लेक स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जमिनीवर जेवत होते. त्यात टेबलाचा एक पाय किंचित आखूड होता. पुलाच्या खांबात केसभर फरक चालायचा नाही, पण ज्या टेबलावर तो पूल काढत होते ते मात्र कागदाच्या घडीवर उभं. "बघतो दोन दिवसांत," असं नवरा दर दोन दिवसांनी म्हणायचा. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

एकदा वहिनी सकाळची शाळा करून आल्या. भात झाला होता, पातेलं चुलीवरून उतरवायचं होतं, आणि ओट्यावर एक ओला नकाशा वाळत पडलेला. खाली लेक खेळत होती. वहिनींनी पातेलं हातात धरून चारी दिशांना पाहिलं. मग बाहेरच्या खोलीत गेल्या आणि ते टेबलाच्या मधोमध आपटलं. कागद करपला, लाकूड चरचरलं.

"बारा वाजले," त्या म्हणाल्या. "कागद उचला. आधी सगळे जेवा, मग काय ते पूल बांधा."

कुणाची काय टाप! कागद उचलले गेले आणि सगळे बसले. रोज जिन्यात एकटीच कोरडा पाव खाणारी टायपिस्टही बसली. आणि जेवता जेवता धाकटा ड्राफ्ट्समन, जो एरवी 'हो साहेब' यापलीकडे तोंड उघडत नसे, तो भाताकडे बघत म्हणाला, "साहेब, या पुलाच्या पायऱ्या माझ्या आईला नाही चढता येणार." साहेबांनी, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याने, विचारलं, "कितपत चढते ती?" आणि दुपारी पायऱ्या बदलल्या.

त्या दिवसापासून नियम झाला. बारा वाजले की कागद उचलायचे आणि लहानथोर सगळ्यांनी एका टेबलाशी जेवायचं. मीटिंगमध्ये लोक साहेबाला आवडेल ते बोलतात, जेवताना खरं बोलतात, हे साहेबांना तेव्हा उमगलं. हुशार माणूस. फक्त हे कुणामुळे उमगलं, ते जरा लवकर विसरला.

कचेरीला जागा मिळाली, आणि टेबल घरी राहायच्या ऐवजी कचेरीत गेलं. "सगळ्यांना सवय झालीय त्याची. नवीन घेतलं की हे परत." पुढे नवीन आलं आणि वरच्या मजल्यावर गेलं, जुनं मात्र घरी न येता खालीच काचेखाली गेलं. काही वर्षांनी साहेब म्हणाले, आपण घरीच दुसरं घेऊ. वहिनींनी साफ नकार दिला. "मी एकदा घेतलंय." हट्ट म्हणजे हट्ट! पुढे मोठं घर झालं, त्यात ऐसपैस जेवणाची खोली आली आणि त्या खोलीच्या मधोमध काहीच नव्हतं. पाहुणे गोंधळून इकडेतिकडे बघत. वहिनी त्यांना स्वयंपाकघरात स्टुलावर बसवून ओट्यावर वाढत आणि कारण काही सांगत नसत.

कंपनी मात्र वाढत होती. एका वर्षी एका नदीला मोठा पूर आला. त्या नदीवरचे जुने पूल गेले, यांनी बांधलेले दोन मात्र टिकले. शेजारच्या देशातून बोलावणं आलं, तिथून त्याच्या शेजारून. पूल झाले, मग पाणीपुरवठा, बंदरं, बोगदे. नव्या देशातलं काम हाती घेण्याआधी साहेब वहिनींना विचारत, "तिथल्या नद्या कधी भरतात गं?" वहिनी ॲटलास उघडून सांगत. देशोदेशी कचेऱ्या झाल्या आणि प्रत्येक कचेरीत पहिली वस्तू जाई ती जेवणाचं टेबल. नियमही बरोबर जाई, आणि त्याला सगळीकडे 'वहिनी' म्हणत. एकदा एक परदेशी इंजिनिअर घरी आला. ओळख करून दिल्यावर तो थक्कच झाला. त्याला वाटत होतं, वहिनी हा कुठल्यातरी जुन्या शास्त्रज्ञाचा सिद्धांत असावा!

वहिनी खूप हसल्या. पण त्या रात्री भांडी विसळताना त्यांना रडूही आलं. त्यांच्या नियमाने अर्धं जग एकत्र जेवत होतं, आणि त्यांचा नवरा त्यांच्याबरोबर जेवत नव्हता. दुपारी तो कुठल्यातरी देशात कामाच्या माणसांबरोबर असे. घरी असला तर ताटाशेजारी कागद असे. उजव्या हाताने घास, डाव्या हाताने पान उलटणं. दगड वाढला असता तरी चावून खाल्ला असता. 'कसं झालंय?' असं विचारणं वहिनींनी केव्हाच सोडून दिलं होतं.

आणि आता साहेब थकले होते. एका दूरच्या देशातली याहून कितीतरी मोठी कंपनी ही कंपनी आपल्यात सामावून घेणार होती. सह्या झाल्या की साहेब मोकळे. बूट घालता घालता त्यांनी वहिनींना आणखी एक गोष्ट सांगितली.

"ते टेबल पण मागतायत. त्यांच्या मुख्य कचेरीत ठेवणार. मोठा मान आहे हा."

"कोणतं टेबल?"

"अगं, आपलं. खालचं."

"आपलं नाही, माझं. दोन आठवड्यांसाठी दिलं होतं."

साहेब हसले. "लाकूडच ते. तुला दहा घेऊन देतो." आणि गेले.

वहिनी हसल्या नाहीत. लाकडाचं काय घेऊन बसलात! आता हा माणूस घरी येणार, रिकाम्या हाताने, आणि उरलेली वर्षं ओट्याशी स्टुलावर बसून कुठला ना कुठला कागद वाचत जेवणार. ते टेबल एकदा समुद्रापार गेलं की 'टेबल आलं की बसू' हे म्हणायलाही जागा उरणार नव्हती. आजवर त्या तेवढ्याच भरवशावर थांबल्या होत्या. त्यांनी लेकीला फोन लावला. लेक म्हणाली, "आई, बाबांना हे सांगून समजणार आहे का?" ते मात्र वहिनींना पटलं. पालथ्या घड्यावर पाणी किती ओतायचं! सांगायचं नव्हतंच. वाढायचं होतं.

सह्यांच्या दिवशी त्यांनी भात केला, भाजीचा रस्सा केला, डबा भरला, दोन ताटं पिशवीत घातली आणि टॅक्सीने कचेरी गाठली. दारावरचा रखवालदार नवा होता, मिशाळ, पोक्त. वहिनींनी दोरीचा आकडा काढला तसा तो धावत आला.

"बाई, त्याला हात लावायचा नाही."

"का?"

"ते साहेबांचं टेबल आहे."

"आणि साहेब कुणाचे?" वहिनी म्हणाल्या. "उभे काय राहिलात, ती काच धरा तिकडून."

मास्तरणीचा आवाज कुणावर वाया जात नाही. त्याने काच धरली. दोघांनी ती भिंतीला टेकवून ठेवली. वहिनींनी हात ठेवताच टेबल डुगडुगलं. इतकी वर्षं दोरीपलीकडून बघणाऱ्या एकालाही ते ठाऊक नव्हतं. वहिनींनी डागाच्या बरोब्बर वर भाताचा डबा ठेवला, समोरासमोर ताटं मांडली, पाहुण्यांच्या दोन खुर्च्या ओढून घेतल्या आणि भिंतीकडे पाहिलं. तिथे घड्याळांची रांग होती, प्रत्येक देशातल्या कचेरीची वेळ दाखवणारी. कुठे पहाट, कुठे रात्र. इथल्या घड्याळात बाराला मिनिटभर कमी होतं. वहिनी तेवढं थांबल्या.

"वर फोन लावा," त्यांनी रखवालदाराला सांगितलं. "म्हणावं, बारा वाजले, कागद उचला. वहिनींचा निरोप आहे."

थोड्या वेळाने लिफ्ट उघडली. साहेब बाहेर आले, हातात उघडं पेन. मागे मातीवाले भाऊजी, तोंडावर रुमाल धरून हसू दाबत. त्यांच्या मागे मोठ्या कंपनीचे प्रमुख आणि दोन वकील.

"हे काय आरंभलंयस?" साहेब हळू आवाजात म्हणाले. "वर सगळं थांबलंय."

"थांबणारच. नियम आहे."

"अगं पण आज..."

"नियम कुणाचा?" वहिनींनी विचारलं.

उत्तर भाऊजींनी दिलं. "वहिनींचा. मी होतो तिथे. माझ्या मातीच्या पुड्यांवर शितं उडाली होती."

वहिनींचा आवाज खाली आला. "अहो, मी भांडायला आले नाही. गाडी मागितली नाही, बंगला मागितला नाही. टेबल द्यायचं नसेल तर राहू द्या. पण ते जाण्याआधी एकदा माझ्यासमोर त्यावर बसून जेवा. कागद न आणता."

साहेबांनी टेबलाकडे पाहिलं. दोन ताटं होती. डागावर डबा अगदी चपखल बसला होता. पाटीवरचा तो दिवा त्यांना आठवेना, पातेलं मात्र चांगलंच आठवलं. कान लाल झाले त्यांचे. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि मागे वळले.

"हे टेबल मी देऊ शकत नाही," ते पाहुण्यांना म्हणाले. "माझं नाही ते. उसनं आणलं होतं. बाकी सगळं ठरल्याप्रमाणे."

प्रमुखांनी वकिलांकडे पाहिलं, वकिलांनी घड्याळांकडे. त्यातलं नेमकं कुठलं बघायचं ते त्यांना कळेना. "जेवणाची सुट्टी किती वेळ?" प्रमुखांनी विचारलं.

"जेवण होईपर्यंत," भाऊजी म्हणाले, आणि सगळ्यांना वरच्या टेबलाकडे घेऊन गेले.

साहेब बसले. टेबल डुगडुगलं. त्यांनी सवयीने खिशातून कार्ड काढलं, घडी घातली आणि पायाखाली सरकवायला वाकले.

"राहू द्या," वहिनी म्हणाल्या. "घरी गेल्यावर पायच नीट करा. आता वेळ आहे तुम्हाला."

त्यांनी भात वाढला, रस्सा वाढला आणि समोर बसल्या. साहेबांनी पहिला घास घेतला. डावा हात काहीतरी शोधत ताटाशेजारी गेला, तिथे कागद नव्हता, तेव्हा तो तसाच टेबलावर पडून राहिला. दुसऱ्या घासाला ते थबकले. रश्श्याकडे पाहिलं, मग वहिनींकडे.

"मीठ कमी पडलंय का गं?"

वहिनींचा हात डब्यावरच राहिला.

"तुमचं ब्लड प्रेशर वाढल्यापासून एवढंच घालते," त्या म्हणाल्या. "लेक कॉलेजात होती तेव्हापासून."

"मग मी कधी बोललो नाही?"

"नाही."

साहेबांचे डोळे भरून आले होते, ते त्यांनी लपवले नाहीत. मग ताट पुढे केलं आणि म्हणाले, "अजून थोडा वाढ."

वहिनींनी वाढला. मीठ मात्र दिलं नाही.