हवालदारणीचा रस्ता

सुलाबाईला वाडीत कुणी सुलाबाई म्हणत नसे. नवरा मराठा पलटणीत हवालदार, वर्षातून दोन महिने घरी. उरलेले दहा महिने घर, दोन म्हशी आणि खाटेवरचा सासरा हिच्या अंगावर. म्हणून ती हवालदारीण. नाव चेष्टेनं पडलं होतं, पण बहात्तरच्या दुष्काळात ते खरं झालं.

रहिमतपूरपासून तीन कोसांवरच्या या वाडीत तेव्हा दुष्काळी काम निघालं, रस्त्याचं. बायकांच्या टोळीला मुकादम पाहिजे होता आणि सही करता येणारी बाई ही एकच. चाळीस बायका तिच्या हाताखाली आल्या. तिची रीत निराळी होती. सकाळी सगळ्यांना गोल बसवायची आणि एकेकीला विचारत जायची, आज तुझ्यानं काय होईल? कुणाचं पोर तापलेलं, कुणाची पाठ धरलेली, कुणी चार महिन्यांची पोटुशी. सगळ्यात कमी बोलणारीला ती पहिल्यांदा विचारी. बोलक्या आधी बोलल्या की मुक्या बायका ‘माजं बी तसंच’ म्हणून मोकळ्या होतात, हे तिला उमगलं होतं. सगळ्यांचं ऐकलं की मग कुदळ कुणाच्या हातात आणि पाटी कुणाच्या डोक्यावर ते ठरायचं. बाकीचे मुकादम हसत. हवालदारणीची टोळी आधी कीर्तन करती आन मग काम, म्हणत. पण संध्याकाळी मोजणीला तिच्याच टोळीची माती पुढं असायची.

रस्ता गावाच्या पायथ्याला आडवा जात होता. वर डोंगराच्या अंगाला वरली आळी, तिच्याखाली खालची आळी, मग रस्ता, आणि रस्त्यापलीकडं वरल्या आळीतल्या भाऊसोचं रान थेट नदीपर्यंत. काम निम्म्यावर आलं तेव्हा टोळीतली बनुबाई पाटी खाली ठेवून सुलाबाईजवळ आली. म्हणाली, हितं वगळ हाय, डोंगराचं पाणी हितनंच नदीला जातं, रस्त्याखालनं पाणी जायला मोरी ठेवायला सांग. सुलाबाई वाडीत लग्न होऊन आली तेव्हापासून ती ओघळ कोरडीच होती. तरी तिथनं पाणी जायचं हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही.

दुसऱ्या दिवशी ओव्हरसीयर आला. वही उघडून त्यानं विचारलं, या टप्प्यात एखादी ओघळ, नाला? सुलाबाईनं आदल्या रात्रीच विचार करून ठेवला होता. ओघळ आहे म्हटलं की मोरी आली. मोरी आली की सिमेंटचे नळ आले, आणि ते साताऱ्याहून येईपर्यंत महिनाभर काम बंद. चाळीस चुली महिनाभर गार. तिनं वर बघितलं. तीन वर्षं ढगाचा तुकडा न दिसलेलं आभाळ.

न्हाई, म्हणाली ती. साहेबानं लिहून घेतलं, तिनं सही केली.

दुष्काळात बांधलेला रस्ता. पाणी कसं वाहतं याची याद कुणालाच उरली नव्हती, आणि जिला होती तिचं कुणी ऐकलं नव्हतं.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात रस्त्यावरनं पहिली एसटी आली. नारळ फुटला, ड्रायव्हरला फेटा बांधला. भाऊसोनं रस्त्यापलीकडची ओघळीची खोलगट वाट मातीनं भरून घेतली, वाटेतली बाभूळ तोडली आणि नदीपर्यंत ऊस लावला. पुढची दोन वर्षं पाऊस बेताचाच झाला.

पंच्याहत्तरच्या भाद्रपदात मात्र तो चार दिवस हटला नाही. डोंगराचं पाणी खाली आलं, रस्त्याला अडलं आणि मागं फिरलं. खालच्या आळीत शिरलं. पाचव्या दिवशी उघडीप झाली तेव्हा रस्त्याच्या वरल्या अंगाला तळं साचलं होतं आणि त्याची कड बनुबाईच्या घरात होती. मातीची भिंत हातभर भिजून वर काळी पडली होती. हाताचं बोट टेकवलं तर आत जात होतं. बनुबाई सामान बाहेर काढत होती आणि तिचा मुलगा जोतिबा कुदळ घेऊन रस्त्यावर उभा होता. त्याच्यामागं खालच्या आळीतली पंधरा माणसं.

रस्ता फोडायचा, एवढंच त्याचं म्हणणं होतं. आणि रस्ता फोडू द्यायचा नाही, म्हणून वरल्या आळीची वीसपंचवीस माणसं काठ्या घेऊन आली होती. भाऊसो त्यांच्या पुढं. त्याचं म्हणणं साधं होतं. सरकारी रस्ता आहे, सरकारी कागदावर तिथं ओघळ नाही. डोंगराचं पाणी पूर्वी पलीकडच्या गायरानातनं जायचं. हवं तर तिकडं चर काढा. गायरानात सगळा कातळ होता, तिथं चर काढायला आठ दिवस लागले असते. भिंतीजवळ आठ दिवस नव्हते. पश्चिमेला आभाळ पुन्हा भरत चाललं होतं.

वाडीचे जुने जाणते आप्पासो मधे पडले, पण त्यांचंही धाडस होत नव्हतं. दिवस आणीबाणीचे आहेत हे त्यांना माहीत होतं. सरकारी रस्त्याला कुदळ लावली म्हणून उद्या कुणाला उचलून नेलं तर सोडवायला कुणी जाणार नव्हतं. त्यांनी सुलाबाईला बोलावणं धाडलं. रस्ता तिनं केला, दोन्ही आळ्यांतल्या बायका तिच्या हाताखाली राबल्या. तीच दोघांशी बोलेल.

सुलाबाई आली. वाटेत तिला दोन गोष्टी पक्क्या ठाऊक होत्या. ओघळ होती म्हटलं तर आपणच खोटं बोललो हे गावापुढं येणार. आणि रोजगार हमीचं नवं काम निघत होतं, त्याच्या मुकादमाचं नाव सोमवारी आप्पासो सांगणार होते. घरात हवालदाराचं पत्र की पैसे, दोन महिने काही आलं नव्हतं. ते काम तिला हवं होतं.

तिनं दोन्ही बाजूंना रस्त्यावरच बसायला सांगितलं. चिखलात कुणी बसेना. मग ती स्वतः बसली. तिच्या टोळीतल्या बायका सवयीनं गोल करून बसल्या, आणि मग पुरुषांना उभं राहणं अवघड झालं.

तिनं विचारायला सुरुवात केली. खालच्या आळीला एकच, तुझ्या घरात पाणी कुठवर? कुणी घोट्याला हात लावून दाखवला, कुणी गुडघ्याला. एका बाईनं पदराखालचं लेकरू वर उचलून धरलं, काल रात्री धरलं होतं तसं. मग वरल्या आळीला, येष्टी थांबली तर तुमचं काय अडतं? एकाची मुलगी रहिमतपूरच्या शाळेत जात होती. एकाचं दूध जात होतं. एका म्हाताऱ्याला दर आठवड्याला सुई टोचून घ्यायला जावं लागायचं. तो म्हणाला, येष्टी न्हाई तर मला बैलगाडीत घाला, पर बैल हळू चालवा, मरायची घाई न्हाई मला. दोन्ही आळ्या हसल्या. काठ्या जमिनीवर आडव्या झाल्या.

भाऊसो हसला नाही. त्यानं कागदाची गोष्ट पुन्हा काढली. ओघळ इथं होती असं कुणी छातीठोक सांगावं. म्हातारी माणसं एकमेकांकडं बघू लागली. होती, पण इथं का थोडी अलीकडं? सात वर्षं धड वाहिलीच कुठं होती ती?

बनुबाई घरातनं आली होती. पातळ ओलं, हातात पितळी घागर.

“सगळ्यास्नी इचारलंस सुले,” ती म्हणाली. “आता तू सांग.”

सुलाबाई उठली. बसून बोलायचं तिला जमलं नसतं.

“व्हती,” ती म्हणाली. “हितंच व्हती. बनुआत्तीनं मला तवाच सांगितलं व्हतं. सायबानं इचारलं तवा म्या न्हाई म्हणून सांगितलं. सही माजी हाय.”

जोतिबा एक पाऊल पुढं आला. त्याच्या हातात कुदळ होती आणि ती हातात आहे हे तो विसरला होता. “माज्या आयेनं सांगून बी?” त्यानं विचारलं. बनुबाईनं घागर त्याच्या पोटाशी दाबून त्याला मागं सारलं, मुलगा लहान असताना सारत असेल तसं.

भाऊसोला मात्र वाट सापडली.

“म्हंजी तवा खोटं बोललीस,” तो शांतपणे म्हणाला. “मग आज खरं बोलतीस कशावरनं, वैनी?”

“नगा इस्वास ठिऊ माज्यावर. खणा. रस्त्याच्या बुडाला नुसता मुरूम लागला तर मी आज बी खोटी. वाळू-गोटं लागलं तर तुमचा ऊस वगळीत हाय.”

आप्पासोंनी मान हलवली. कडेला खड्डा घ्यायचा, दोन माणसं वरल्या आळीची, दोन खालच्या. गोटे लागले तर रस्ता फोडायचा, आणि मोरीचा अर्ज ते स्वतः लिहून कचेरीत देणार. नाही लागले तर कुदळी घरी. हे त्यांनी दोनदा म्हणवून घेतलं, दोन्हीकडनं.

सुलाबाईनं जागा दाखवली. मुरूम निघाला. गुडघाभर, मुरूम. कंबरभर, मुरूम. आणखी हातभर खाली पिवळी माती लागली, कुदळीला चिकटणारी. वाळूचा कण नाही. खणणारे थांबले आणि वर बघू लागले. सुलाबाईच्या लक्षात आलं. टोळीचं काम चाललं तेव्हा ती अंतर बाभळीपासून मोजायची, आणि बाभूळ आता नव्हती. तिला एक बाजू उसाची दिसत होती, दुसरी पाण्याची. मधे कुठंही खूण नव्हती. थेंब पडायला लागले.

भाऊसोनं काठी उचलली. झालं न्हवं, म्हणाला.

तेव्हा बनुबाई रस्त्यावरनं उतरली आणि तळ्यात शिरली. साठीची म्हातारी. कासोटा घट्ट खोचलेला, दोन्ही हात बाजूला पसरलेले. पाणी गुडघ्याला, मांडीला, कंबरेला. ती खाली बघत नव्हती, बघून दिसणारही नव्हतं. पायानं चाचपत होती. चार पावलं डावीकडं, परत दोन उजवीकडं. जोतिबा हाका मारत होता, ती पुढंच सरकत होती. एकदा पाय घसरून गळ्यापर्यंत गेली. मग ती एकदम हातभर उंच झाली आणि तशीच उभी राहिली.

“ह्यो माज्या धुण्याचा दगड,” ती म्हणाली. “पस्तीस वर्सं आपाटलंय हेच्यावर. भाऊसो, तुजी आय शेजारच्या दगडावर बसायची. तुजी लंगुटं बी हितंच धुतल्यात, कागदावर नसंल ते.”

आता हसू आवरेना, वरल्या आळीलासुद्धा. पण खणणारे हसत नव्हते. ते बनुबाईच्या समोर, पहिल्या खड्ड्यापासून वीस पावलांवर, रस्त्याच्या कडेला लागले होते. मांडीएवढ्या खोलीवर कुदळ दगडावर वाजली. वाळू आली, आणि वाळूबरोबर गोटे, पाण्यानं घासून गुळगुळीत झालेले. आप्पासोंनी एक उचलला, धोतराला पुसला आणि भाऊसोच्या हातात दिला.

भाऊसोनं तो गोटा बराच वेळ धरून ठेवला. मग उसाकडं बघितलं. पाऊस वाढला होता. पाणी आंधळं सोडलं तर सगळं रान घेऊन जाईल, हे त्याला शेतकरी म्हणून दिसत होतं. त्यानं गोटा टाकला आणि आपल्या माणसांना कोयते आणायला पिटाळलं. ओघळीच्या जुन्या वाटेवरच्या सहा सऱ्या त्यानं स्वतः छाटल्या, कोवळा ऊस.

वरनं दोन्ही आळ्या रस्ता फोडत होत्या. सुलाबाईच्या बायकांनी पाट्या घेतल्या. कोण खणणार, कोण वाहणार हे कुणी विचारलं नाही. जिची कुदळ तिच्या हातात गेली. सुलाबाईच्या वाट्याला पाटी आली. दिवस मावळायच्या आधी पाण्याचा पहिला ओघ फटीतनं पलीकडं गेला, मग फट रुंदावली आणि पाणी गढूळ आवाज करत उसाच्या मधनं नदीकडं लागलं. रहिमतपूरची शेवटची एसटी पलीकडं येऊन उभी राहिली. कंडक्टरनं दारातनं वाकून विचारलं, हवालदारीण, बांधला बी तुमीच आन फोडला बी तुमीच काय? तिनं पाटी पुन्हा डोक्यावर घेतली. वरल्या आळीच्या लोकांनी दोन ओंडके आडवे टाकून उतारू एकेक करून अलीकडं घेतले. सुई टोचून घेणाऱ्या म्हाताऱ्याला उद्याच्या सुईसाठी दोघांनी खांद्यावर घेऊन पलीकडं एसटीत बसवलं.

तळं उतरत होतं. अंधार पडता पडता बनुबाईच्या घराची मागची भिंत बसली. धप्प असा एकच आवाज झाला. आत कुणी नव्हतं.

सगळे धावले. बनुबाई दारात उभी राहून आत बघत होती. सुलाबाई तिच्या शेजारी जाऊन थांबली.

“तीन भिंती उभ्या हायत्या,” बनुबाई म्हणाली. मग थोड्या वेळानं, “पडली ती तुजी. उद्या माती मळायला ये.”

सुलाबाई गेली. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशीही. सोमवारी कचेरीचा माणूस आला आणि आप्पासोंनी त्याला मुकादमाचं नाव सांगितलं, ते दुसऱ्या कुणाचं होतं. ही बातमी जोतिबानंच आणली. त्या दिवसापासून तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. सुलाबाई तेव्हा पोटरीभर चिखलात उभी राहून माती तुडवत होती. तिनं ऐकून घेतलं. जोतिबा जरा घुटमळला, मग त्यानं चपला काढल्या, धोतर वर खोचलं आणि दुसऱ्या टोकानं तुडवायला लागला.

“भुसा कमी पडलाय,” बनुबाई ओट्यावरनं म्हणाली. “आनकी घाला.”